रंगाने मुका झालो तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना लढाऊ यंत्रमानव आहे. उंची सात मजले. नम्रता मात्र मला कोणी बसवलीच नाही. माझ्याकडे तोफ नाही. छातीत भाता आहे आणि त्याच्यापुढे पितळेच्या बेचाळीस पट्ट्या. हवा सुटली की त्या गातात, आणि परग्रहावरच्या आगंतुकांची यानं काचेच्या बरणीसारखी तडकतात.

मला घडवलं एका पेटी दुरुस्त करणाऱ्याने. चालवायची त्याची धाकटी बहीण. माझ्या डोक्यातल्या खोलीत बसून ती पायाने भाता मारी आणि हाताने सूर धरी. दोघांचं रोज वाजायचं, पण सूर लावताना दोघंही गप्प. आम्ही अकरा लढाया जिंकल्या. खोटं कशाला बोलू, कौतुकाने मी फुगलो होतो.

मग पाच वर्षं शत्रू फिरकलाच नाही. पट्ट्या दर आठवड्याला पुसायचं बंद झालं. पुढे लष्कराच्या साहेबांनी मला समारंभासाठी रंगवायला सांगितलं. भावालाही हुरूप आला. त्याने पंप घेऊन मला निळाशार केलं आणि छातीची जाळी झाकायला विसरला. रंग थेट पट्ट्यांवर बसला. मी नवरदेवासारखा दिसत होतो, आणि मुका झालो होतो.

नेमकं तिसऱ्या दिवशी, भर दुपारी यान आलं आणि शाळेवर घिरट्या घालू लागलं. आत दोनशे मुलं होती. बहिणीने भाता मारला. नुसतं फुस्स!

"दादा, अरे हा गातच नाहीये!"

"जाळी झाकायची राहिली गं. माझंच चुकलं."

"ते नंतर. आधी खरवड! एक सूर दे, बाकीचं मी बघते."

तो माझ्या छातीत शिरला. हलक्या हाताने एक पट्टी मोकळी करू लागला. तिकडे शाळेचे पत्रे उडाले. मी तेव्हा घाबरलो होतो.

"झाली! मार!"

"आधी तू बाहेर ये!"

"वेळ नाही. मार म्हणतो ना!"

तिने रडत भाता मारला. मी एकच सूर लावला, पण असा लावला की यानाचे तुकडे तुकडे झाले. मुलं वाचली. भावाला मात्र त्यानंतर कधीच ऐकू आलं नाही.

आज तो म्हातारा झाला आहे. तरी दर आठवड्याला पट्ट्या पुसतो, छातीवर तळहात ठेवतो आणि सूर बरोबर लागला का ते बहिणीच्या चेहऱ्यावर वाचतो. आता तिलाही कमी ऐकू येतं.

मित्रांनो, रंग लावणारे मला पुष्कळ मिळतात. तुमचे कान चांगले आहेत. पट्ट्या पुसायला आणि सूर लावायला तो शिकवतोय, तोवर कोणीतरी या.