जिजाचं बारसं

"सिस्टर, एक मिनिट. हे नाव कसं वाटतंय, सांगा ना."

पिंकी सिस्टर तान्ह्या मुलीला दुपट्यात गुंडाळत होती. हात न थांबवता तिने मान वळवली. मुलीचा बाप, पंचविशीतला पोरगा, मोबाइल तिच्यासमोर धरून उभा होता.

"जिजा," तो म्हणाला. "एकदम युनिक ना? आमच्या घरात कोणीच ऐकलं नव्हतं."

"छान आहे," असं म्हणत पिंकीने मुलीला तिच्या आईच्या कुशीत ठेवलं.

सोमवारीही ती 'छान आहे' असंच म्हणाली होती. दाराजवळच्या खाटेवरच्या बाईची मुलगी. तिचंही नाव जिजाच ठरलं होतं.

भाईंदर पूर्वेच्या त्या लहानशा मॅटर्निटी होममध्ये पिंकीची उमर गेली होती. ती कामाला लागली तेव्हा दर दुसरा मुलगा स्वप्नील आणि दर दुसरी मुलगी संपदा होती. ती नावं कधी बंद झाली ते तिला कळलं नाही. मग एका वर्षी एकाच वॉर्डात तीन आरोह्या झोपलेल्या होत्या, आणि हे नाव फक्त आपल्यालाच सुचलंय असं तिन्ही आयांना वाटत होतं. नावं विचारायला लोक तिच्याकडेच येत. पण येणारा माणूस तिच्या ड्रेसवरच्या नावाच्या पट्टीकडे एकदा तरी बघे आणि विचारे, "सिस्टर, तुमचं खरं नाव काय?"

"हेच," ती सांगायची.

तिचे वडील मलबार हिलला एका साहेबांकडे ड्रायव्हर होते. साहेबांच्या मुलीचं नाव पिंकी. वडिलांना ते इतकं आवडलं की पत्रिकेतलं अक्षर वगैरे न बघता त्यांनी आपल्या मुलीचं तेच ठेवलं. त्या दोन-तीन वर्षांत लालबागमधल्या त्यांच्या गल्लीतच चार पिंक्या झाल्या.

लग्न होऊन ती भाईंदरला, नवघर गावातल्या आगरी घरात आली. सासरे मिठागरात कामाला होते, थोडी भातशेती होती. सासू जिजाबाई. मांडवातच जिजाबाई म्हणाल्या होत्या, "पिंकी? यो काय नाव हाय? आमच्या इकरं शेलीला पन असला नाव ठेवीत न्हाय." आणि ताटातल्या तांदळांत अंगठीने नवं नाव लिहिलं गेलं: गिरिजा. तेव्हापासून घरात ती गिरिजा. फक्त नवरा, धर्माजी, खोलीत दोघंच असली की तिला पिंकी म्हणायचा. तो गेल्यापासून घरात ते नाव कोणाच्या तोंडी राहिलं नव्हतं. ते आता फक्त ड्यूटीवर ऐकू यायचं, आणि ड्यूटीही पुढच्या वर्षी संपणार होती.

त्या संध्याकाळी ती घरी आली तेव्हा मुलगा आणि सून तिची वाटच बघत बसली होती. सून हेमाली गुजराती घरातली. तिच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, म्हणून बाळंतीण माहेरी न जाता सासरीच आली होती. नात तीन आठवड्यांची झाली होती आणि अजून सगळे तिला बाळच म्हणत होते.

"आई, फायनल झालं," केतन म्हणाला. "नाव. जिजा."

पिंकीच्या हातातली पर्स हातातच राहिली. "आजीचं?"

"आजीचं नाही गं. म्हणजे, आजीचं आहे, पण आम्ही त्यावरून नाही ठेवत. हेमालीने एका रीलमध्ये ऐकलं. शॉर्ट आहे, स्ट्राँग आहे."

"मम्मी, ओल्ड नेम्स परत येतायत आता," हेमाली म्हणाली. "आणि मराठी पण आहे. तुम्हाला आवडलं ना?"

आजच्या मुलीबद्दल आणि सोमवारच्या मुलीबद्दल सांगावं असं पिंकीच्या मनात आलं. पण हेमालीचा चेहरा कितीतरी दिवसांनी असा उजळला होता. "छान आहे," पिंकी म्हणाली.

तेवढ्यात आतल्या खोलीतून जिजाबाई भिंतीला धरत बाहेर आल्या. त्यांना ऐकायला कमी येत असे, पण नको ते बरोबर ऐकू येई.

"माझा नाव पोरीला ठेवताय?"

"हो आजी!" केतन हसत म्हणाला.

"मी जिती हाय ना अजून?"

केतनने आईकडे बघितलं. पिंकीने त्याला समजावलं की आपल्याकडे गेलेल्या माणसाचं नाव ठेवतात, असलेल्या माणसाचं ठेवत नाहीत. तेवढं ऐकून केतन अजूनच घोटाळ्यात पडला.

"पण आजी, तुमच्यावरून नाहीच ठेवत आम्ही," हेमाली समजूत घालत म्हणाली. "फक्त नाव सेम आहे."

"माझ्यावरून न्हाय, मंग कोनावरून?"

जिजाबाई पुन्हा भिंतीला धरत आत गेल्या आणि त्या रात्री जेवायला बाहेर आल्या नाहीत. पिंकी ताट आत घेऊन गेली तेव्हा त्या पडून होत्या. म्हणाल्या, "माझा नाव पाटलाच्या पोरी चिडवायला घेत. जिजी, पिजी. आन ह्यांना ता चांगला लागतंय. मना काय समजत न्हाय."

पिंकीलाही समजत नव्हतं. आपलं नाव नवं होतं म्हणून काढून टाकलं गेलं. हे जुनं आहे म्हणून हवंसं झालं. मधल्यामध्ये आपण कुठे, ते तिला सापडेना.

चार-पाच दिवसांनी ड्यूटीवरून परत येताना तिने बघितलं, जिजाबाई बिल्डिंगखालच्या बाकावर बसल्या होत्या. शेजारी दुसऱ्या मजल्यावरच्या मारवाडी आजी. शेतजमीन बिल्डरला देऊन त्या बदल्यात मिळालेल्या ह्या फ्लॅटमध्ये राहायला येऊन बरीच वर्षं झाली होती, पण जिजाबाई ह्या बाकावर मोजकंच बोलत. हिंदी त्यांना जड जायचं.

"मेरा नाम जिजा," त्या सांगत होत्या. "पोरी का, मंजे नातू की पोरी का, उसका पन जिजा."

"पर आप तो जया हो ना?" मारवाडी आजींनी विचारलं.

"वो ऐसेच बोला था," जिजाबाई म्हणाल्या. "खरा नाम जिजा हय."

पिंकी लिफ्टपाशी थांबून राहिली. सासूने इतकी वर्षं खाली स्वतःचं नाव जया सांगितलं होतं हे तिला आजच कळलं. घरी आल्यावर ती काही बोलली नाही. पण त्यानंतर जिजाबाई दुपारभर पाळण्यापाशी बसू लागल्या. "ये जिजे, काय बघतंय? मना बघतंय?" असं एकटीचंच चालायचं. मुलगी रडायला लागली की "जिजा रडतंय गो, कोनी हाय का?" अशी हाक पार स्वयंपाकघरापर्यंत यायची, आणि ती देताना त्यांचा आवाज चढलेला असायचा.

मग त्या रविवारी जेवताना ते झालं.

बारशाच्या बॅनरचं डिझाइन मोबाइलवर आलं होतं. हेमाली सगळ्यांना दाखवत होती. खुशीत होती. बोलता बोलता म्हणाली, "मम्मी, तुमच्या टाइमला लोक पण काय काय नावं ठेवायचे ना! पिंकी, बबली, डॉली... सगळे सेम!" आणि हसली. तिच्या मनात काही नव्हतं. केतनही हसला.

पिंकीने आमटीचं भांडं खाली ठेवलं. "ह्या महिन्यात आमच्याकडे तीन जिजा झाल्या," ती म्हणाली.

"काय?"

"तीन. एक काल डिस्चार्ज झाली."

हेमालीचं हसू गेलं. तिने मोबाइल उलटा ठेवला. पिंकीला लगेच वाटलं की हे आपण बोलायला नको होतं. ती घाईघाईने म्हणाली, "अगं, असू दे ना. भाईंदर केवढं मोठं आहे."

"नाही मम्मी." हेमालीचे डोळे भरून आले होते. "माझ्या क्लासमध्ये तीन हेमाली होत्या. मी हेमाली बी. पहिलीपासून दहावीपर्यंत हेमाली बी. सेंडऑफच्या फोटोखाली पण तेच लिहिलंय. तिला तसं नाही करायचं मला."

पिंकी तिच्याकडे बघत राहिली. ह्या मुलीला हेही सोसावं लागलं असेल असं तिच्या कधी मनातच आलं नव्हतं.

दोन दिवसांत नवं नाव ठरलं: त्विषा. केतनने त्याचा अर्थ सांगितला, तेज असा काहीतरी. पिंकीने म्हणून बघितलं, दोनदा अडखळली, तिसऱ्यांदा जमलं.

जिजाबाईंना सांगायचं काम तिच्यावरच आलं. पण ती काही बोलायच्या आत हेमालीनेच प्रामाणिकपणे सांगून टाकलं. "आजी, जिजा कॅन्सल. ते खूप कॉमन झालंय."

"माझा नाव?" जिजाबाई म्हणाल्या. "आख्ख्या गावात मी येकलीच होती जिजा."

"तेव्हा, आजी. आता सगळे ठेवतायत."

जिजाबाईंनी हेमालीकडे बघितलं, मग पिंकीकडे. "मी नको बोलली, म्हनून बदलला काय?"

हो म्हणावं की नाही, पिंकीला ठरवता आलं नाही. हो म्हटलं तर दोष त्यांच्यावर जात होता, नाही म्हटलं तर खरं सांगावं लागत होतं. "नाही हो आई," ती शेवटी म्हणाली. "मीच बोलले काहीतरी."

"बरा," जिजाबाई म्हणाल्या. त्या दिवशी त्या खाली बाकावर गेल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत.

बारसं सोसायटीच्या हॉलमध्ये झालं. गुलाबी फुगे, मोठं बॅनर, पाळण्याला मोगऱ्याच्या माळा. हेमालीच्या माहेरची माणसं आली होती, नवघर गावातल्या बायका नऊवारीत आल्या होत्या. कानात नाव सांगायचा मान आत्याचा, आणि केतनला बहीण नव्हती. हेमाली म्हणाली, "आमच्यात पण फोईच, म्हणजे आत्याच, नाव ठेवते. आता कोण करणार?"

"आईंना करू दे," पिंकी म्हणाली.

हेमालीने लगेच मान डोलावली. जिजाबाई नको नको म्हणत होत्या, पण बायकांनी त्यांना धरून पाळण्यापाशी नेलं. त्या वाकल्या, मुलीच्या कानाला तोंड लावलं. "कुर्र" एवढं सगळ्यांना ऐकू आलं, पुढचं कोणाला नाही. बायकांनी रिवाजाप्रमाणे त्यांच्या पाठीवर हलक्या थापा मारल्या, कोणीतरी "अरे, हळू!" म्हणालं आणि हॉलभर हशा झाला. केतनने माइकवर नाव जाहीर केलं. टाळ्या वाजल्या, केक कापला गेला.

पाहुणे पांगल्यावर हॉलच्या कोपऱ्यात दोन खुर्च्यांवर सासू-सुना बसल्या. पिंकी घुगऱ्यांची वाटी घेऊन एकेक दाणा खात होती. जिजाबाईंना दात नव्हते, त्यांनी चहा घेतला होता.

"आई," पिंकीने विचारलं, "एक विचारू? माझं नाव तुम्ही का बदललंत?"

जिजाबाईंनी कप बशीत ठेवला. "मना आठवत न्हाय गो. तवा सगलीच बदलायची."

"सगळीच बदलायची म्हणून?"

"तसाच कायतरी असंल." मग म्हणाल्या, "मिठागराच्या शेठची सून होती. गिरिजा. मना तिचा नाव लय आवडायचा. पोर झाली असती त तिला ठेवला असता. पोर काय झाली न्हाय."

पिंकीने दाणा तोंडात टाकला नाही. इतकी वर्षं तिने ह्या प्रश्नाचं एक उत्तर मनात धरून ठेवलं होतं. आता दोन मिळाली होती, आणि त्यातलं कोणतं घ्यावं ते तिला कळेना. राग यावा म्हणून ती थांबली, तो काही आला नाही.

"गिरिजा," जिजाबाई तिच्याकडे वाकून हळू म्हणाल्या, "कोनाला सांगू नको. तो नवा नाव माझ्या तोंडातच येय ना. तिकरं वाकली आन पार ईसरली."

"मग कानात काय सांगितलंत?"

"कायच न्हाय. नुसता कुर्र केला."

पिंकीला हसू फुटलं. तिने पदर तोंडाला लावला तरी ते थांबेना, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. जिजाबाईही गाल आत ओढून हसू लागल्या.

"काय झालं, मम्मी?" हेमाली मुलीला घेऊन त्यांच्यापाशी आली.

"काही नाही गं."

"आजी, हिला जरा घ्या ना. मी साडी बदलून येते. खूप हेवी आहे." तिने मुलीला जिजाबाईंच्या मांडीवर ठेवलं आणि ती गेली.

केतन शिडीवर चढून बॅनर सोडवत होता. मुलगी जागी होती, डोळे उघडे ठेवून वरच्या पंख्याकडे बघत होती. जिजाबाईंनी तिला हाक मारायला तोंड उघडलं. तशाच थांबल्या. मग तोंड मिटून घेतलं आणि वाकड्या झालेल्या बोटाने हलकेच तिचा गाल हलवला, तिने आपल्याकडे बघावं म्हणून.