मागच्या चाकाची हवा

विल्फ रेस्ट्रिकने रबरी बुटाच्या टोकाने त्या नव्याकोऱ्या मोटारसायकलच्या मागच्या चाकाला ठोकर मारली. दगडाला मारावी तसा पायच झिणझिणला. हातातल्या पुठ्ठ्यावरचा गुणांचा कागद सरळ करून तो आपल्या दुधाच्या क्रेटवर जाऊन बसला.

मोटारसायकलचा मालक, ऑब्री लाइल, ओढ्याच्या काठी उभा राहून स्पर्धेची वाट नजरेखालून घालत होता. वाट कसली, शेवाळलेले धोंडे, गुडघाभर पाणी आणि पलीकडे झाडांच्या मुळांतून वर जाणारी निसरडी चढण. उजवीकडे लाल निशाणं, डावीकडे निळी. त्यांच्या मधून न थांबता पार व्हायचं. पाय टेकला नाही तर शून्य, एकदा टेकला तर एक, दोनदा टेकला तर दोन, त्याहून जास्त कितीही वेळा टेकला तरी तीन. थांबलात किंवा पडलात की पाच. इथे जितके गुण कमी, तितका माणूस मोठा. एवढं सगळं रविवारी सकाळी, हाडं गोठवणाऱ्या थंडीत, आणि तेही सीट नसलेल्या गाडीवर उभं राहून.

लाइलचं लीड्समध्ये चष्म्याचं दुकान होतं. छप्पन्न वर्षांचा माणूस, आयुष्यात कधी चिखलात पाय घातला नाही, आणि सप्टेंबरात एकाएकी हुक्की आली. थेट सगळ्यांत महाग गाडी घेतली. वर जुळणारं जाकीट, जुळणारं शिरस्त्राण, जुळणारे मोजेसुद्धा. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण हौसेला थोडी अक्कल असली तर कुठे बिघडलं? इथले गडी बापाच्या मोडक्या गाडीवर, मेंढरांच्या मागे धावत हे शिकले होते. आणि हा पठ्ठ्या वहीत नोंदी करून शिकणार! साखळीला तेल कधी दिलं, हवेची जाळी कधी धुतली, सगळं तारीखवार. विल्फने ती वही एकदा पाहिली होती आणि आठवडाभर दारूच्या गुत्त्यात तिच्यावर लोकांना हसवलं होतं.

ठोकर लाइलच्या नजरेतून सुटली नव्हती.

"चाकं ठीक आहेत ना, मिस्टर रेस्ट्रिक? दर शनिवारी हवा मोजतो मी. अठ्ठावीस पौंड. एक पौंडही कमी होऊ देत नाही."

"दिसतंय की," विल्फ म्हणाला.

अठ्ठावीस! विल्फला हसू आवरेना. ट्रायल्सच्या, म्हणजे असल्या स्पर्धांच्या, गाडीत चार नाहीतर पाच पौंड हवा. चाक अंगठ्याने दाबलं की आत गेलं पाहिजे, तरच ते ओल्या दगडाला धरून राहतं. दुकानात गाड्या येतात तेव्हा चाकं टणक भरलेली असतात, ती प्रवासापुरती. गाडी घरी आणली की पहिलं काम हवा सोडायचं. हे इथे शाळकरी पोरालाही ठाऊक, आणि ठाऊक असल्यामुळेच कोणी ते कोणाला सांगत नाही. हा शहाणा मात्र दर शनिवारी पंप घेऊन बसत होता आणि ती चूक मनोभावे जपत होता.

पहिल्या फेरीत लाइल तिसऱ्या धोंड्यावरून असा सटकला की गाडी एकीकडे, मालक दुसरीकडे. विल्फने पाच लिहिला. लाइल नखशिखांत भिजून उठला, गाडी ढकलत बाहेर आला आणि क्रेटपाशी थांबला.

"धन्यवाद, मिस्टर रेस्ट्रिक."

हा इथला रिवाज होता. शून्य मिळो की पाच, जाताना निरीक्षकाचे आभार मानायचे, कारण तो बिचारा दिवसभर फुकट गारठत बसतो. विल्फ या चौथ्या टप्प्यावर सव्वीस वर्षं बसत होता. सख्ख्या मुलाला त्याने शेवटच्या फेरीत पाच दिला होता, मुलाचा चषक गेला होता आणि मुलगा महिनाभर बापाशी बोलला नव्हता. पण आभार मानूनच गेला होता. विल्फचा पाच म्हणजे पाच. त्यावर कधी कोणी हुज्जत घातली नाही, आणि आयुष्यात मिरवण्यासारखी विल्फकडे ही एकच गोष्ट होती.

शेजारी घडीच्या खुर्चीत नोरा कॅपस्टिक बसली होती. ओढा आणि आजूबाजूची कुरणं तिचीच. नवरा रेज गेल्यापासून दर स्पर्धेला ती थर्मास आणि मांसाचं पॅटिस घेऊन विल्फच्या सोबतीला बसायची. तिने चहा ओतून त्याच्या हातात दिला.

"हवेचं सांगितलं नाहीस त्याला?"

"चहात पाणी घालायचं असतं हे कोणी कोणाला सांगतं का?"

नोराने पॅटिसचा तुकडा मोडला.

दुसऱ्या फेरीत लाइल दुसऱ्याच धोंड्यावर पडला. पाच. या खेपेला कोपरही फुटलं होतं. विल्फला खरं खुपत होतं ते वेगळंच. नाचता येईना अंगण वाकडं, ही नवशिक्यांची नेहमीची तऱ्हा. ओढ्याला शिव्या, निशाणांना शिव्या, गाडीला शिव्या. हा माणूस कशालाच नावं ठेवत नव्हता. पडला की उठायचा, धोंडा न्याहाळायचा आणि चूक आपलीच असं मानून मान हलवायचा. असल्या सज्जनपणाचा विल्फला भारी तिटकारा होता.

लाइल क्रेटपाशी आला. दात वाजत होते.

"चौथी स्पर्धा ही माझी. या ओढ्यात अजून पाचाशिवाय काही मिळालेलं नाही. आज शेवटच्या फेरीत एकदा, फक्त एकदा, पाचाच्या खाली आलो तर ठीक. नाहीतर गाडी विकतो. उगाच तुम्हा लोकांचा वेळ खातोय. धन्यवाद."

तो वळणाआड दिसेनासा झाला.

"बरं होईल," विल्फ म्हणाला. "पीडा तरी टळेल."

"तुझी पहिली गाडी आठवते?" नोराने विचारलं. "चाकं दगडासारखी करून आला होतास. आमच्या रेजने अंगणात हवा सोडली होती. मी दारात उभी होते. हसला नव्हता तो तुला."

"रेज कोणालाच हसत नव्हता."

"तेच म्हणतेय मी."

विल्फने थंड झालेला चहा गवतावर ओतला. ही बाई नको तेव्हा नको ते उकरून काढते, असं त्याच्या मनात आलं. मग बाकीचे स्वार येत गेले, कोणी शून्य, कोणी एक, आणि तो लिहीत राहिला.

लाइल सगळ्यांच्या शेवटी आला. चेहरा राखेसारखा पडला होता. या वेळी त्याने पाय सरळ खाली सोडले आणि बदक चालतं तसा, पाण्यात फताड फताड पाय मारत, तो धोंडे ओलांडत गेला. तिसऱ्या धोंड्यावर चाक सटकलं, गाडी डुगडुगली, जवळजवळ थांबली. पण थांबली नाही. इंचाइंचाने सरकत चढणीला लागली, मुळांवरून उड्या मारत वर गेली आणि शेवटच्या निशाणांमधून बाहेर पडली. असलं ओंगळ चालवणं विल्फने सव्वीस वर्षांत पाहिलं नव्हतं. पाहावत नव्हतं, पण तीन होता तो. स्वच्छ, खणखणीत तीन.

लाइल धापा टाकत खाली आला. चेहऱ्यावर लहान मुलासारखं काहीतरी होतं, आणि विल्फला ते बघवलं नाही.

"थांबली होती," विल्फ म्हणाला. "तिसऱ्या धोंड्यावर. पाच."

नोराने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

लाइलने मान डोलावली.

"मला वाटलं सरकत होती. पण तुम्ही म्हणता म्हणजे थांबलीच असणार. धन्यवाद, मिस्टर रेस्ट्रिक."

गाडी ढकलत तो कुरणाच्या फाटकाकडे निघाला. विल्फने निशाणं उपटायला घेतली. नोरा त्याच्याकडे पाठ करून खुर्ची घडी करत होती, आणि त्या पाठीने विल्फ जास्तच चिडला. तीन आणि पाचाने काय आभाळ कोसळणार होतं? माणूस शेवटून पहिला होता, शेवटून पहिलाच राहणार होता.

थोड्या वेळाने लाइल परत आला. एकटाच, हातात शिरस्त्राण घेऊन.

"गाडी चढवतोय ट्रेलरवर. त्याआधी एक विचारायचं होतं. बाकी सगळे मला छान, छान म्हणतात. पाठ थोपटतात. मला कळतं ते. तुम्ही एकटेच खरं तेवढंच लिहिता, म्हणून तुम्हालाच विचारतो. माझ्यात काही दम आहे, की खरंच सोडून देऊ?"

विल्फच्या हातात लाल निशाणांची जुडी होती. ती कुठे ठेवावी हे त्याला सुचेना. शेवटी त्याने ती क्रेटवर टाकली.

"गाडी आणा इकडे," तो म्हणाला.

लाइलने गाडी आणली. विल्फचे गुडघे चार वर्षांपूर्वीच कामातून गेले होते. नोराच्या खांद्याचा आधार घेऊन तो कसाबसा मागच्या चाकापाशी टेकला, व्हॉल्व्हचं टोपण काढलं आणि चाकूच्या टोकाने आतली खीळ दाबली. हवा सुटू लागली. बराच वेळ सुटत राहिली. मग तो अंगठ्याने दाबून पाहायचा, पुन्हा सोडायचा. मागचं झाल्यावर पुढचं.

"दाबा," तो शेवटी म्हणाला.

लाइलने दाबलं. अंगठा आत गेला. तो तसाच वाकून राहिला.

"पाच पौंड असतील. नेहमी एवढीच. जा आता, ओढ्यातून जाऊन या."

निशाणं निघाली होती, पण वाट लाइलला तोंडपाठ होती. पहिला धोंडा, दुसरा, तिसरा. चाक दगडावर पसरत होतं, धरत होतं. चढणीला एकदा डावा पाय टेकला, बस. वर जाऊन तो वळला आणि सावकाश खाली आला. इंजिन बंद केलं.

"किती?"

"एक."

लाइल चाकाकडे पाहत राहिला. मग सकाळी विल्फने ठोकर मारलेल्या जागेकडे त्याची नजर गेली. तिथे अजून बुटाच्या चिखलाचा ठसा असावा तसा तो बघत होता, आणि विल्फला कळलं की आता तो पुढचं विचारणार.

"सकाळीच कळलं होतं तुम्हाला."

"हो."

"आणि मघाचा पाच?"

विल्फने पुठ्ठा उचलला. सव्वीस वर्षांत त्याच्या कागदावर एक खाडाखोड नव्हती. त्याने पाचावर रेघ ओढली, शेजारी तीन लिहिला, आणि पुठ्ठा फिरवून लाइलसमोर धरला.

लाइलने वाचलं. रागावला नाही, आवाज चढवला नाही. त्याने खिशातून ती वही काढली, शनिवारच्या पानावर अठ्ठावीस खोडून पाच लिहिलं आणि वही परत ठेवली. मग विल्फकडे पाहिलं. दिवसभर विल्फ त्याच्याकडे ज्या नजरेने पाहत होता, अगदी त्याच नजरेने.

"पुढची स्पर्धा कधी आहे, मिसेस कॅपस्टिक?"

"सतरा तारखेला," नोरा म्हणाली. "इथेच."

"येतो मी. कुरण वापरू दिलंत, धन्यवाद."

त्याने किक मारली, गाडीवर उभा राहिला आणि विल्फच्या क्रेटपाशी न थांबता, वळसा घालून फाटकाकडे निघून गेला.

विल्फ पुठ्ठा हातात धरून उभा होता. गाडीचा आवाज फाटकापलीकडे गेला, तरी तो वाट पाहत असल्यासारखा तिकडेच बघत राहिला.

"चल," नोरा म्हणाली. "निशाणं उचल."