बोलत राहा, आक्का

बांबूचा तुटका खुंट शिंपिणीच्या पोटरीत घुसला, तो तिने स्वतःच उपसून काढला. वर पाला ठेचून बांधला आणि पुन्हा शिवायला बसली. "एवढ्याशा जखमेला काय कुरवाळायचं?" असं सुनेलाच वर सुनावलं. पण पुढच्या काही दिवसांत पाय टम्म फुगला, कातडी काळीनिळी पडली. सुनेने फडकं सोडलं तर नाकाला पदर लावायची वेळ आली.

गाव डोंगराच्या अगदी माथ्यावर. तिथे ढग दारातून आत येत, मिठाला पाणी सुटे, धुतलेला कपडा चुलीवर धरल्याशिवाय वाळत नसे. दवाखाना खाली, जिथे गाडीरस्ता संपतो तिथे. पूर्वी चौघे जण झोळी करून आजाऱ्याला उतरवत. दरड कोसळली आणि वाट एका माणसापुरती उरली. तेव्हापासून आजारी माणूस पाठीवरच न्यावा लागे: लाकडी चौकटीला बसायची फळी, आणि चौकटीचा पट्टा कपाळावरून. तरणी माणसं खालच्या मळ्यांवर कामाला गेली होती, शिंपिणीचा मुलगाही त्यांतच. असं ओझं पेलणारा वर एकच उरला होता. त्याला सगळे खांद्या म्हणत.

खांद्याने मीठ, रॉकेल, छपराचे पत्रे, शाळेचं लोखंडी कपाटसुद्धा पाठीवरून वर आणलं होतं. माणूस मात्र तो उचलत नसे. त्याची बायको त्याच्याच पाठीवर गेली होती. छातीचं दुखणं होतं तिचं. तो तिच्याशी बोलत बोलत उतरत होता, आणि विसाव्याला चौकट टेकवली तेव्हा ती थंड पडलेली होती. कधी गेली, त्याला कळलंच नाही. ती शिंपिणीची धाकटी बहीण. "पाठीवरचं माणूस मेलं ते ज्याला कळत नाही, त्याच्याशी मी काय बोलू?" असं शिंपीण सगळ्यांदेखत म्हणाली होती, आणि तिने शब्द पाळला होता.

त्यामुळे सून त्याच्या दारात गेली ती जीव मुठीत धरूनच.

"मामा, सासूबाईंना न्यायला हवं."

"दुसरं कुणी बघ."

"दुसरं कोण आहे?"

खांद्या दोर वळत होता. हात थांबले, पण मान वर झाली नाही. "त्यांना विचारलंस? माझ्या पाठीवर बसतील त्या?"

"विचारायची शुद्ध आहे कुठे त्यांना!"

त्यावर तो उठला आणि कोपऱ्यातली चौकट ओढून फळीवरची धूळ झटकू लागला.

उजाडताच निघाले. सुनेचं पोर अंगावर पिणारं, म्हणून ती दरडीपर्यंतच आली. शिंपिणीला गोधडीत गुंडाळून, पाठीला पाठ लावून बांधली होती. तिचं तोंड वर गावाकडे, त्याचं खाली. सकाळच्या गारव्यात तिला जरा शुद्ध आली आणि आपण कुठे आहोत ते कळलं. ती काहीच बोलली नाही.

दरड ओलांडली. दोन्ही बाजूंना माणसाहून उंच नेचे, पायाखाली शेवाळ, धुकं इतकं दाट की पुढचा दगड पायाला लागल्यावरच दिसावा. खांद्या थांबला.

"आक्का, एक मागणं आहे. बोलत राहा."

त्याने कपाळावरचा पट्टा दोन्ही हातांनी धरला.

"काहीही बोला. शिव्या द्या. पण मला कळू दे. गप्प राहिलात तर माझा पाय उचलणार नाही."

 मग मागून कोरडा आवाज आला, "तुमची चौकट बोचतेय."

"बोचणारच. कपाटासाठी केली होती."

"मग मी काय कपाट आहे?"

"कपाट बरं होतं. टोमणे मारत नव्हतं."

तो चालू लागला. आणि शिंपीण बोलू लागली. सुनेला काज करता येत नाही, शेजारणीने झग्याचं कापड कमी दिलं आणि तक्रार मात्र ढीगभर केली, मुलगा खाली जाऊन रोडावला. ताप चढला की शब्द घसरत, मग पुन्हा धागा सापडे. ओढ्याशी तिने पाणी मागितलं. त्याने ओंजळीने पाजलं. पुन्हा चौकट उचलताना तिने एकदम विचारलं,

"शेवटी ती काय म्हणाली?"

खांद्याने पट्टा कपाळावर नीट बसवला. चार पावलं टाकून मग म्हणाला, "म्हणाली काहीच नाही. हसत होती."

"खोटं."

"म्हणून तर कुणाला सांगितलं नाही. कोण खरं मानणार? मी तिला न्हाव्याच्या बकरीची गोष्ट सांगत होतो. तिचं हसू माझ्या पाठीला लागत होतं. मग थांबलं. मला वाटलं, दमली. मी पुढची गोष्ट सुरू केली."

 मग चौकट हलू लागली. शिंपीण रडत होती, आणि ते रडणं त्याला पाठीच्या कण्यात कळत होतं. तो थांबला नाही. चालत राहिला.

"बकरीची कुठली गोष्ट?" तिने नाक ओढत विचारलं.

"न्हाव्याने गिऱ्हाइकाच्या तोंडाला फेस लावला आणि गरम पाणी आणायला आत गेला. तेवढ्यात बकरी आली, चाटायला लागली. गिऱ्हाईक डोळे मिटून म्हणतं कसं, 'दादा, आज हात फार मऊ लागतोय तुमचा!'"

शिंपिणीच्या घशातून हसण्यासारखं काहीतरी निघालं. मग ती गप्प झाली. उतार संपेना. खांद्याने दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा तर ओरडलाच. वाट तिरपी, टेकवायला जागा नाही, तरी त्याने चौकट मातीला रेटली आणि वळून पाहिलं. शिंपिणीचे डोळे अर्धवट उघडे होते.

"ओरडताय काय?" ती पुटपुटली. "तिचं हसू आठवत होते. दातावर दात होता तिचा."

तो तिथेच चिखलात बसला. पुन्हा उठायला त्याला वेळ लागला.

दिवस कलताना दवाखान्याची लाल कौलं दिसली. परिचारिकेने फडकं सोडलं आणि शिंपिणीला तडक आत घेतलं. गुडघ्याखालचा पाय गेला. शिंपीण राहिली.

उन्हाळा लागेपर्यंत ती खालीच, मुलाच्या खोलीवर होती. वाट कोरडी झाली तेव्हा खांद्या तिला वर घेऊन आला. तोवर त्याने आणखी दोघांना खाली पोचवलं होतं, त्यातली एक अडलेली बाळंतीण. "सुखरूप," एवढंच त्याने सांगितलं.

वर आल्यावर शिंपीण घरी गेली नाही. "आधी आईकडे चला," म्हणाली.

तिची आई वरच्या टोकाच्या घरात एकटीच राहायची. डोळे गेलेले, कान शाबूत. धाकट्या लेकीचं तिला एवढंच सांगितलं होतं की वाटेत गेली. खांद्या तेव्हापासून तिच्या घरावरून जाताना पाय न वाजवता जायचा.

म्हातारी अंगणात शेंगा सोलत होती. शिंपीण कुबडी टेकत तिच्याशेजारी बसली आणि म्हणाली, "आई, जावई आलेत. तिचं सांगायला."

खांद्या उभाच राहिला. त्याने सगळं सांगितलं. बकरीपाशी तो थांबला, तेव्हा गोष्टीतला उरलेला भाग शिंपिणीने पुरा केला. म्हातारीचे हात शेंगांवर थांबले होते.

"दुखत होतं का तिला?" तिने विचारलं.

"खोकताना दुखायचं," खांद्या म्हणाला. "हसली तेव्हा खोकला आला नाही."

म्हातारीने मान हलवली. चाचपडत पाट शोधला आणि त्याच्या बाजूला सरकवला. "उभे का जावईबापू? बसा," ती म्हणाली. "तिच्या आणखी काही गोष्टी असतील, त्या सांगा. मला कुठे जायचंय?"