टोपलीमागची वीट

बाजाराच्या दिवशी विनिफ्रेड टपनने आपल्या लोकरीच्या दुकानाची काच दोनदा पुसली आणि फुलांची टोपली दारापासून चार हात डावीकडे टांगली. जागा मुद्दाम निवडलेली. तिथली एक वीट हलत होती. दहा वर्षांपूर्वी खिळा ठोकताना ती सुटली, तेव्हापासून विनीने पुट्टी भरून तिला दडवलं होतं.

जागामालकाला इमारत पाडायची होती. साधी विटांची, फार तर दोनशे वर्षांची, जपण्याइतकी जुनी नाही, असं त्याचं म्हणणं. नगरपालिकेच्या इमोजेन पेल आज पाहणी करून निकाल देणार होत्या. विनीचं दुकान आणि वरचं घर, दोन्ही त्यावर टांगलेलं. ‘खिळखिळी’ असा शेरा पडू नये, एवढीच तिची धडपड.

शेजारचा चीजवाला गर्नी एकहर्स्ट दारातून मजा बघत होता. त्याच्या दुकानाला जुन्या लाकडी घरांसारख्या काळ्या तुळया आणि पांढरा गिलावा. पर्यटक हटकून फोटो काढत.

"विनी, तुझं दुकान म्हणजे माझ्या दुकानाचं नातवंड," तो म्हणाला.

पेलबाईंनी आधी त्याचीच तुळई नखाने खरवडली. रंगाचा पोपडा निघाला. तुळई कसली, इंचभर जाडीची फळी वरून ठोकलेली. शंभर वर्षांचीही नसावी, असं त्या म्हणाल्या. गर्नीला आत काहीतरी काम आठवलं.

मग त्या विनीच्या दुकानासमोर मान वर करून उभ्या राहिल्या. वरचा मजला खालच्यापेक्षा वीतभर पुढे आलेला. विटांची भिंत अशी पुढे कशी येईल, असं पुटपुटत त्यांनी बोटांनी टकटक केली. आवाज पोकळ आला. त्यांनी टोपली बाजूला सारली.

"तेवढी एकच हलते हो," विनी घाईने म्हणाली. "बाकी सगळ्या घट्ट आहेत."

पुट्टी निघाली आणि वीट बाईंच्या हातात आली. चपटी, मागे खिळ्याचं भोक. आत काळपट ओकचा खांब, त्यावर सुताराने जोडणीसाठी कोरलेली खूण.

"ही वीट नाही, विटेसारखं दिसणारं, लाकडावर खिळ्याने ठोकायचं कौल आहे," पेलबाई म्हणाल्या. "विटांची फॅशन आली तेव्हा कुणीतरी लाकडी घराला हा सदरा चढवलाय. आतलं घर पाचशे वर्षांचं तरी असेल. आता याला कुणी हात लावणार नाही. तुम्हीसुद्धा पुट्टी लावायची नाही."

विनीने टोपली खाली उतरवली.

बाई गेल्यावर गर्नी चीजचा तुकडा घेऊन आला.

"ती टोपली आता तुला लागणार नाही ना?" त्याने हळूच विचारलं. "माझ्या फळीवर एक ओरखडा पडलाय."