तक्त्यात नापास झालेली सायकल

मित्रांनो, मी टपालाची जुनी सायकल आहे. सरकारी कागदावर मी रद्द झाले आहे, म्हणून आज जरा तोंड सोडून बोलणार आहे.

नवी होते तेव्हा माझ्या घंटीचा आवाज ऐकून बायका हातातलं काम टाकून दारात यायच्या. एकोणीस वर्षं मी पोस्टमनदादांबरोबर सहा वाड्या फिरले. सहावी वाडी ओढ्यापलीकडे आहे. ओढ्यावर दोन फळ्यांचा साकव. तिथे दादा उतरायचे, मला खांद्यावर घ्यायचे आणि पलीकडे न्यायचे. एरवी मी त्यांना वाहायची, तिथे ते मला. आमचं कधी वाजलं नाही.

मग वरून हुकूम आला : खेड्यातल्या टपालासाठी सायकल बरी, स्कूटर बरी की बॅटरीवरची तीनचाकी, याची तुलना करा. एक साहेब घड्याळ आणि तक्ता घेऊन जीपमधून आमच्या मागे निघाले. दादा कुठे उतरले, की साहेब लिहायचे, 'वाहन बंद पडले.' एका आजीला पत्र वाचून दाखवलं, तरी 'वाहन बंद पडले.' साकवावर मला खांद्यावर घेतलं, तेव्हा तर त्यांनी लाल शाईच काढली. एका फेरीत मी अकरा वेळा बंद पडले म्हणे! इतकं धडधडीत खोटं माझ्याबद्दल कुणी लिहिलं नव्हतं.

स्कूटर दुसऱ्याच वाडीच्या चिखलात रुतली. तीनचाकी ओढ्यापर्यंत भुर्रकन गेली आणि तिथूनच परत फिरली. साहेबांनी फेरी पूर्ण धरली.

"साहेब, पलीकडची वाडी राहिली की," दादा म्हणाले.

"इथे काठावर एक पेटी लावू. येतील आणि घेऊन जातील. चालायला काय होतंय त्यांना?"

तीनचाकीचा पहिला नंबर आला. अख्खी वाडी वगळली तर कुणाचाही येईल!

मला शेडमध्ये फेकलं. कोळ्यांनी माझ्या चाकांत जाळी विणली, त्याचं मला काही नाही. पण सहाव्या वाडीत लोहाराची मुलगी राहते. तिला फिट येतात आणि तिच्या गोळ्या टपालाने येतात. पुडकं चार दिवस त्या पेटीत पडून होतं. आलंय हे तिकडे सांगणार कोण? मुलगी अंगणात कोसळली, कपाळाला पाच टाके पडले.

लोहार कचेरीत आला. "दादा, तुमच्या भरवशावर होतो हो," एवढंच म्हणाला. दादांना मान वर करवेना. मला त्या साहेबांचा असा संताप आला की काय सांगू!

दुसऱ्या सकाळी दादांनी मला बाहेर काढलं, तेल घातलं, हवा भरली आणि चक्क तीनचाकीच्या मागे बांधलं. आता ओढ्यापर्यंत ती मला नेते, पुढे मी दादांना. बिचारी स्वभावाने वाईट नाही.

महिन्याभरात साहेबांना पत्ता लागला. रद्द वाहन वापरल्याबद्दल दादांच्या नावाने रजिस्टर नोटीस निघाली आणि ती दादांच्याच पिशवीत आली. दादांनी ती रीतसर स्वतःला दिली, पोचपावतीवर सही केली आणि घडी करून खिशात टाकली. त्याच पिशवीत गोळ्यांचं नवं पुडकं होतं. नोटिशीच्या उत्तराला सात दिवसांची मुदत होती. मुलीच्या डबीत दोनच गोळ्या उरल्या होत्या. दादांनी मला खांद्यावर घेतलं.

मित्रांनो, वाहनांची तुलना खुशाल करा. पण आधी शेवटच्या दारापर्यंत एकदा चालत जाऊन या. तोवर मला भंगार म्हणाल, तर खबरदार!