तीन दिवसांची मोजणी

मोजणीदाराने गिरणीच्या मोटरीचा शेवटचा बोल्ट सोडवला आणि पाना पुसत बसला. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं.

समोर मेहुणा पट्टा गुंडाळत होता. बायकोचा हा धाकटा भाऊ तीस वर्षं याच रस्त्यावर दळणं दळत आला. एके काळी इथे टांगे चालत, मग ट्रक आले, मग स्कूटरींची अशी गर्दी की पाऊल टाकायला जागा नसे. आठ वर्षांपूर्वी दोन्ही तोंडांना लोखंडी खांब बसले आणि रस्ता पायी फिरणाऱ्यांचा झाला. बाकं आली, कुंड्या आल्या, चकचकीत दुकानं आली. कपडे बघायला लोक पायी येतात हो, पण वीस किलोचं दळण डोक्यावर घेऊन कोण येणार? गिरणी रडतखडत आठ वर्षं चालली आणि आज बंद झाली.

खांब बसले ते मोजणीदाराने दिलेल्या आकड्यांवरून. तेव्हा तो नगरपालिकेत होता. रस्ता वाहनांना बंद करावा का, हे ठरवायला तीन दिवस कोपऱ्यावर बसून वाहनं मोजायची होती. पहिला दिवस बसला, तो नेमका बाजार बंदचा. ऊन मी म्हणत होतं. उरलेले दोन दिवस त्याने घरी पंख्याखाली बसून तेच आकडे थोडे इकडेतिकडे करून ठोकून दिले. शेवटी शेरा लिहिला: मालाची वाहनं नगण्य. मेहुण्याच्या घरी जेवायला बसला की तेव्हापासून तो ताटावरून लवकर उठत असे.

“तुला एक सांगायचंय.”

“सांगा की दाजी.”

“त्या मोजणीला मी एकच दिवस बसलो. बाकीचं घरी लिहिलं. तुझी गिरणी मी बुडवली रे.”

मेहुण्याने पट्ट्याला गाठ मारली.

“ठाऊक आहे मला.”

“काय?”

“नंतरचे दोन्ही दिवस चहा घेऊन आलो होतो कोपऱ्यावर, तुमच्यासाठी. खुर्ची रिकामी.”

“अरे, मग हरकत का नाही घेतलीस? चांगली महिन्याची मुदत होती!”

“अर्ज लिहिला होता की. पण ताईचं ऑपरेशन तोंडावर. तुमची नोकरी गेली असती तर?” त्याने पट्टा बाजूला ठेवला. “म्हटलं, दाजी स्वतःच जाऊन दुरुस्त करतील. महिनाभर वाट बघितली.”

तो महिनाभर मोजणीदार गिरणी टाळून मागच्या गल्लीने कचेरीत जात होता.

“चला, मोटर तिकडून धरा,” मेहुणा म्हणाला. “जड आहे. पाठ सांभाळा.”