तीनशे वर्षांचा खोकला

प्राध्यापकबाईंचं सगळं नाव एका खोकल्यावर उभं होतं, आणि संध्याकाळच्या भाषणानंतर त्याच खोकल्यावर त्यांना नव्या अभ्यासकेंद्राचं प्रमुखपद मिळणार होतं.

समुद्राच्या दोन तीरांवरच्या मुसलमान बायका मुलीची पाठवणी करताना एकच गाणं म्हणतात. तिसऱ्या ओळीनंतर बारीकसं खोकतात आणि पुढे गातात. अलीकडचं गाणं बाईंनी विद्यार्थिदशेत टेप केलेलं, पलीकडचं गेल्या वर्षी त्यांच्या विद्यार्थिनीने आणलेलं. बाईंनी निदान केलं: खलाशांच्या बायकांनी तीनशे वर्षांपूर्वी हे गाणं पलीकडे नेलं, खोकला ही हुंदका लपवण्याची रीत. विद्वानांनी माना डोलावल्या. एका पठ्ठ्याने तर खोकल्यावर प्रबंधच लिहायला घेतला.

भाषणाच्या दिवशी दुपारी त्यांनी दोन्ही गाणी शेवटचं एकदा लावली. शेजारच्या खोलीत नवरा इस्त्री करत होता.

"हा खोकला तुझा गं," तो म्हणाला.

"काहीतरीच काय! कामात लुडबुड नको."

"लग्न झाल्यापासून ऐकतोय. आधी एक छोटा, मग एक ओढून."

बाईंनी टेप मागे घेऊन पुन्हा ऐकला. टेप करताना त्या सर्दीने बेजार होत्या. पुढे पलीकडच्या तीरावर ज्या आपांकडे राहिल्या, त्यांना निघताना तीच कॅसेट भेट दिली होती. देऊन साफ विसरल्याही होत्या. विद्यार्थिनीने गाणं आपांच्याच गावातून आणलं होतं. बाईंनी तिच्याकडून आपांचा नंबर घेतला.

"अहो, तुमचाच की तो!" आपा हसल्या. "कॅसेटवरून शिकलो ना आम्ही. तुम्ही आमच्याकडे ताप काढलात, पोरींनी पाय चेपले. नंतर साधा फोन नाही. म्हटलं, निदान खोकला तरी राहू दे घरात."

"मग माझ्या विद्यार्थिनीला का नाही सांगितलंत?"

"तिने विचारलं, जुनं आहे का? म्हटलं, माझ्या नातींच्या जन्माआधीचं. खोटं आहे का?"

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. सिद्धांत कोसळला याचं दुःख होतंच, पण पाय चेपणाऱ्या पोरींची आठवण आपल्याला एकदाही झाली नव्हती, हे जास्त लागलं.

समितीच्या अध्यक्षांना त्यांनी भाषणाआधीच गाठलं. ते गडबडले. "बाई, देणगी तीनशे वर्षांच्या नात्यासाठी आलीय. आजचा दिवस निभावून न्या, मग बघू."

बाई व्यासपीठावर गेल्या आणि म्हणाल्या, "तो खोकला माझा आहे." सभागृह खो खो हसलं. महिन्याभरात प्रमुखपद खोकल्यावर प्रबंध लिहिणाऱ्या पठ्ठ्याकडे गेलं. त्याच्या मते यामुळे विषयाला नवीच खोली आली होती.

बाईंनी आपांना पुन्हा फोन लावला. धाकट्या नातीची पाठवणी येत्या शुक्रवारी होती.

"येऊ का मी?" त्यांनी चाचरत विचारलं. "टेप नवीन घेतलाय, नीट ध्वनिमुद्रण..."

"या की. पण टेप घरीच ठेवा," आपा म्हणाल्या. "परत यायचं नसलं की टेप लागतो."